आक्कांचं घर सगळ्यांत शेवटी

हौसाआक्का भांडण ऐकताना डोळे मिटून घ्यायच्या. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचा डोळा लागला. शाळेच्या ओट्यावर दोन भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि ह्या मध्येच भिंतीला टेकून, पदर कपाळावर ओढून, डोळे मिटून बसलेल्या. दोघं ओरडून ओरडून थकले, तेव्हा आक्कांनी डोळे न उघडताच विचारलं, "झालं का? का अजून हाय?" दोघं ओट्याच्या दोन टोकांना जाऊन बसले. नंतर मी त्यांना विचारलं, असं का करता म्हणून. म्हणाल्या, "डोळं उघडं असलं की कोन बोलतंय तेच दिसत ऱ्हातं गं शिस्टर. मिटलं की काय बोलतंय ते ऐकू येतं. आन् खरं सांगू का, दमलेली बी असते मी."

दमलेल्या तर त्या कायमच असायच्या. सकाळी पाण्याला निघालेल्या भेटल्या तरी "दमले बाई" म्हणूनच पुढं जायच्या. तक्रारीचा सूर नसायचा त्यात. दुसरं कुणी "राम राम" म्हणेल तसं ते असायचं. अंगानं जाड, गुडघे दुखायचे, त्यामुळं चालताना एका बाजूला कलायच्या. घरी अण्णा, म्हणजे त्यांचे मालक, अंथरुणाला खिळलेले. लकव्यानं डावं अंग गेलेलं. बोलणं अस्पष्ट, पण हसू शाबूत. मूलबाळ नव्हतं. दोन एकर जिरायत आणि एक म्हैस, एवढ्यावर दोघांचं चाललेलं.

मी तेव्हा माळवाडीच्या उपकेंद्रात नर्स होते. सारोळ्यावरून भोंगवलीकडं जाताना माळाच्या पोटात ही वाडी. माझं घर भोरमध्ये, पेठेत अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पण रोज एसटीनं येणं जमायचं नाही म्हणून उपकेंद्राच्याच खोलीत राहायचे. अण्णांचा रक्तदाब बघायला, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायला शिकवायला मी त्यांच्याकडं जायचे, तशी आक्कांची ओळख झाली. अण्णांचं अंग त्या असं पुसायच्या की मला शिकवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. पुसता पुसता त्यांना गावच्या बातम्या सांगायच्या आणि अण्णा अर्ध्या तोंडानं हसायचे.

वादळ आलं ते वैशाखात, दुपार कलताना. वळवाचे वारे दरवर्षी यायचे, चार कौलं उडवून जायचे. त्याची कुणाला भीती नव्हती. त्या दिवशी पश्चिमेकडचं आभाळ आधी तांबूस झालं, मग काळं, आणि मग धुळीची भिंतच माळावरून चालत आली. मी उपकेंद्रात आदल्या दिवशी बाळंत झालेल्या एका पोरीला आणि तिच्या बाळाला घेऊन टेबलाखाली शिरले. वर पत्रे किंचाळत होते. किंचाळतच गेले. पाऊस आणि गारा थेट आमच्या अंगावर पडू लागल्या. थांबलं तेव्हा बाहेर येऊन पाहिलं, तर गाव ओळखू येईना. देवळापुढचा लिंब मुळासकट आडवा, विजेचे डांब वाकलेले, घरांची आढी उघडी, कांद्याच्या चाळी रस्त्यावर पसरलेल्या. भिंतीखाली सापडून बापू गुरवांचा म्हातारा गेला. आक्कांनी आणि शेजारच्या किसनानं अण्णांना घोंगडीवर ओढत ओढत दाराच्या चौकटीखाली आणलं होतं, म्हणून ते वाचले. घर मात्र नुसत्या चार भिंतींचं उरलं.

सरपंच तात्या भला माणूस. पण त्यांच्या डोक्यात वासा पडला, मुलानं त्यांना पुण्याला नेलं, आणि ते पावसाळा सरेपर्यंत परत आले नाहीत. बाकीचे पंच होते, पण प्रत्येकाला आपलं छप्पर आणि आपली भावकी. गावात दोन भावक्या, वरची आणि खालची. एरवीही एकमेकांच्या दारात न जाणाऱ्या. वादळानंतर नसरापूरच्या व्यापाऱ्यांनी तांदूळ, पीठ आणि ताडपत्र्या भरून टेम्पो पाठवला. तो चावडीपाशी उभा राहायच्या आत दोन्ही भावक्यांची माणसं फाळक्यावर चढली. ओढाओढीत पोतं फाटलं, तांदूळ चिखलात सांडला, आणि गुरवांची म्हातारी, जिचा नवरा आदल्या दिवशीच गेला होता, ती लोकांच्या पायाखाली आली.

मी तिला उचलत होते तेवढ्यात आक्का टेम्पोत चढताना दिसल्या. गुडघे धरत, "आई गं, आई गं" करत चढल्या आणि उरलेल्या पोत्यांवर बसकण मारली.

"आता मला उचला," त्या म्हणाल्या, "आन् मग पोतं उचला."

कुणीतरी हसलं. कुणीतरी ओरडलं, "आक्का, उतरा खाली, पोरं उपाशी हायेत."

"माजं मानूस बी उपाशीच हाय. कुनाच्या घरात वाळलेलं जळान हाय? सांगा. कुनाची चूल कोरडी हाय?" त्यांनी खाली सगळ्यांवरून नजर फिरवली. "न्हाई ना? मग हे पीठ घरी नेऊन काय डोक्यात घालायचंय? शाळंच्या पाठीमागं भिताड उभं हाय. तितं एक चूल पेटवा. जोवर शेवटच्या घरावर पत्रा पडत न्हाई, तोवर गावाची चूल एक."

कुणाला तो मोठा निर्णय वाटला नाही. सगळे इतके गळून गेले होते की कुणीतरी काहीतरी ठरवलं याचंच बरं वाटलं. संध्याकाळी शाळेमागं चूल पेटली. पण एक चूल म्हणजे भाकरी कोण थापणार, हा प्रश्न आलाच. बौद्धवस्तीतली रखमा परातीपुढं बसली, तशा दोन-चार बायका उठून उभ्या राहिल्या. आक्का चुलीत फुंकर घालत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "ज्यांना जायचंय त्यांनी जावा. पीठ घेऊन जावा. पन पुन्हा हितं बसायला जागा मिळंल का, ते मला सांगता यायचं न्हाई." काही घरं त्या चुलीवर शेवटपर्यंत जेवली नाहीत. ताडपत्रीखाली तीन दगड मांडून वेगळं शिजवत राहिली. आक्कांनी त्यांना पीठ कधी कमी दिलं नाही आणि कधी बोलावलंही नाही.

पत्रे सरकारकडून आणि पुण्याच्या काही लोकांकडून यायला लागले, पण थोडे थोडे. एका खेपेत एखाददुसरं घर झाकेल इतकेच. पाऊस तोंडावर आलेला. आधी कुणाचं, यावर पुन्हा डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा शाळेच्या पटांगणात सगळे जमले. वरची भावकी म्हणे आमची घरं जास्त, खालची म्हणे आमचं नुकसान जास्त. आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. बराच वेळ झाल्यावर त्यांनी विचारलं, "ओल्यात कोन मरंल?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली.

"सरळ इचारते. पानी लागलं तर आदी कोन मरंल? आजारी मानूस, बाळंतीन, अंगावरचं पोर. त्यांची घरं पयली. मग एकट्या बाया. मग बाकीचं. आन् आपलं घर आपन न्हाई बांधायचं. समद्यांनी मिळून एक घर झाकायचं, मग दुसऱ्याकडं जायचं. ज्याच्याकडून चढायचं व्हत न्हाई त्यानं चुलीपाशी बसायचं."

कुठल्या घरात कोण आजारी आहे हे मला माहीत होतं, म्हणून मला पुढं बसवलं. मी नावं सांगत गेले. अण्णांचं नाव मी सांगितलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. फुडं चल."

सगळ्यांनाच हे मान्य नव्हतं. संपतराव म्हणजे वरच्या भावकीतला ट्रॅक्टरवाला, हायवेवर त्याचं खताचं दुकान. त्यानं साताऱ्याहून स्वतःचे पत्रे आणले, स्वतःचे सुतार लावले. आक्का त्याच्या दारात गेल्या. मला सोबत नेलं.

"संपत, तुजं घर तू बांध," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "तुज्या पैशाचं हाय, त्यात मला बोलायचं न्हाई. पन तुजी मानसं गावच्या कामाला यीनात."

"आक्का, एक इचारू का?" संपतराव शांतपणे म्हणाला. "तुमाला निवडलंय कुनी?"

"कुनीच न्हाई. म्हनून तर आले. निवडलं असतं तर घरी बसले असते."

तो हसला, पण बधला नाही. माणसं दिली नाहीत. बऱ्याच घासाघिशीनंतर ट्रॅक्टर दिला, पत्रे आणि वासे ओढायला, डिझेल गावाचं. परत येताना मी म्हटलं, "आक्का, हरलो आपण."

"ट्रॅक्टर आला न्हवं," त्या म्हणाल्या. "समदं जिंकायला जीव कुठं शिल्लक हाय."

घरं एकेक करून झाकली जाऊ लागली. सकाळी कामाची माणसं जमायची, वरच्या भावकीतला माणूस खालच्या भावकीच्या वाशावर बसून पत्रे ठोकायचा. बोलणं कमीच व्हायचं, पण हातोडा मागितला की मिळायचा. रोज काहीतरी भांडण व्हायचं. खिळे कुणी चोरले, आजारी नसताना आजारी कोण म्हणवतंय, बाळ आपलं की पाहुण्यांचं. आक्का प्रत्येक वेळी ऐकायच्या, डोळे मिटायच्या, काहीतरी ठरवायच्या. ठरवलेलं कधी चुकायचंही. एका घरावर त्यांनी आधी पत्रे दिले आणि नंतर कळलं, तिथली म्हातारी लेकीकडं शिरवळला होती. लोक संतापले. आक्का म्हणाल्या, "चुकलं माजं," आणि पुढच्या कामाला लागल्या. त्या इतक्या थकल्या होत्या की चूक लपवायलाही त्यांच्याकडं त्राण नव्हतं.

अण्णा शाळेच्या एका वर्गात होते. वर्गाचं छप्पर अर्धं शाबूत, बाकीच्यावर ताडपत्री. पाऊस सुरू झाला तशी फरशीला ओल आली. मी रोज त्यांची छाती तपासत होते. एका सकाळी आवाज बदललेला ऐकू आला.

मी आक्कांना चुलीपासून बाजूला घेतलं. "अण्णांचं घर आता घ्या. आजच्या आज. छातीत कफ भरलाय. ह्या ओलीत टिकणार नाहीत."

त्या राखेतल्या निखाऱ्याकडं बघत राहिल्या. "अजून घरं हायेत फुडं."

"त्या घरांत आजारी कुणी नाही. तुमच्याच नियमानं अण्णांचं घर कधीच व्हायला हवं होतं."

"मला कळतंय गं."

"मग?"

"लोकं काय म्हनतील? बघा, हौसीनं आदी आपलं झाकून घेतलं. एक डाव त्यांच्या तोंडात ते आलं की संपलं. मग उद्यापास्नं कुनी पत्र्यावर चढायचं न्हाई. ही समदी कुठल्या धाग्यावर उभी हायेत तुला ठाव न्हाई."

मी किसनाला सांगितलं. त्यानं चार जणांना सांगितलं. ते आक्कांकडं आले आणि म्हणाले, आम्ही अण्णांचं घर आधी घेतो. आक्कांनी त्यांना हाकललं. मी औषधं दिली, भोरला न्यायला सांगितलं. त्याला मात्र त्या लगेच तयार झाल्या. पण ओढ्याला पाणी आलेलं, गाडी मिळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी संपतरावनं स्वतः जीप काढली. मागं अण्णांना आडवं केलं, आक्कांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, मी सलाईनची बाटली धरून बसले. रस्ताभर आक्का त्यांना कुणाकुणाचं घर झाकून झालं ते सांगत होत्या. "गुरवाचं झालं. रखमाचं झालं. त्या पांडूचं झालं, त्यो बसलाय का आता गप? न्हाई. म्हनतो दार हिकडं नगं." कापूरहोळच्या फाट्यावर मी अण्णांची नाडी बघितली आणि संपतरावच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं जीप बाजूला घेतली. आक्का तरीही थोडा वेळ बोलत राहिल्या.

अण्णांचा तिसरा दिवस झाला, त्या सकाळी गाव आक्कांच्या घरापाशी जमलं. कुणी ठरवलं, कुणी बोलावलं, माहीत नाही. दोन्ही भावक्यांची माणसं होती, आणि प्रथमच संपतरावची माणसंही होती. पुढच्या घरासाठी आलेले पत्रे त्यांनी आक्कांच्या वाशांवर चढवले होते. आक्का शाळेतून आल्या आणि अंगणात उभ्या राहिल्या. हातोडे थांबले.

"हे कुनाचं पत्रं?"

"आक्का, तुमचंच घर पयलं व्हायला पायजे व्हतं," किसना म्हणाला.

"आता ह्या घरात आजारी कोन हाय?"

वाशावरची माणसं हातातल्या हातोड्याकडं बघत राहिली.

"सांगा की. बाळंतीन हाय? पोर हाय अंगावर?" आवाज चढलेला नव्हता. "एकटी बाई हाय. एकट्या बायांत बी ज्या म्हाताऱ्या त्या आदी. उतरवा. किसनाची सून दिस भरत आलीय, तिच्या घरावर न्या."

त्यांनी पत्रे उतरवले. ठोकलेले खिळे काढताना होणारा तो आवाज ऐकत आक्का तिथंच उभ्या होत्या. किसना रडत होता, पण वासा धरून होता. दुपारपर्यंत ते पत्रे त्याच्या घरावर गेले. आक्कांच्या घरावर छप्पर पडलं ते सगळ्यांत शेवटी, श्रावण निघून गेल्यावर. त्या दिवशी शाळेमागची चूल विझवली. विझवताना गावातले बरेच जण आले होते. आक्का आल्या नाहीत.

लोक त्यांना देवीसारखं मानू लागले. सभेत कुणीतरी म्हणालं, असा त्याग कुणी केला नाही. आक्कांना ते आवडायचं नाही. पुढं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा दोन्ही भावक्या मिळून त्यांच्याकडं आल्या. त्यांनी पाणी दिलं, बसवलं आणि नाही म्हणून सांगितलं. ते गेल्यावर मी विचारलं, का नाही म्हणालात.

पाण्याची भांडी उचलता उचलता त्या बोलल्या. "त्याग न्हवता तो, शिस्टर. भ्याले व्हते मी. नेम म्याच केला, आजारी मानूस पयलं म्हनून. आन् माज्याच मानसाला आजारी धरलं न्हाई. दुसऱ्या कुनी असं केलं असतं, तर म्या त्याला बोल लावला असता का न्हाई? लावला असता. त्यांनी काय पाप केलं व्हतं? माजा नवरा हाय एवढंच. म्हनून गावात त्यांचा नंबर न्हाई."

"तुम्ही गावासाठी केलंत," मी म्हटलं.

"गावासाटनं समद्यांचं केलं. त्यांचं व्हतं की ते बी गावातलं."

त्यांचं ते बोलणं मी अजून मनात घोळवते. त्यांनी अण्णांचं घर आधी घेतलं असतं तर खरंच काही बिघडलं असतं का? कदाचित पांडूसारखे दोघं-तिघं कुरकुरले असते. कदाचित खरंच सगळं मोडलं असतं. पत्रे वाऱ्यानं उडाले होते. पुन्हा चढले ते माणसांच्या एकमेकांवरच्या विश्वासावर, आणि तो विश्वास किती नाजूक होता हे आक्कांइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण किंमत अण्णांनी दिली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पुढं माझी वेल्ह्याला बदली झाली. गुंजवणीच्या खोऱ्यातल्या वाड्यांवरून फिरताना माळवाडी मागं पडत गेली, पण वर्षातून एखादी चक्कर व्हायची. आक्का अजून दमलेल्याच असायच्या. शेवटी एका हिवाळ्यात त्या गेल्या, झोपेत. मला बातमी उशिरा कळली आणि मातीला जाता आलं नाही. पण त्याआधीच्या वर्षीची एक गोष्ट मला सांगायची आहे.

त्या वर्षी पावसानं कहर केला होता. माळवाडीत ओढ्याकडच्या आळीतली मातीची घरं बसली. मी बघायला गेले तेव्हा आक्कांच्या ओट्यावर मंदा बसलेली, किसनाची ती सून. आता ती सरपंच होती. गावानं काही विचार न करता जुनीच रीत धरली होती. शाळेमागं एक चूल, सगळे मिळून एकेक घर, आधी आजारी माणसं आणि बाळंतिणी. मंदाच्या मांडीवर हात गळून पडलेले, डोळे लाल.

"आक्का, समदं तुमी केलं तसंच करतोय," ती म्हणाली. "आमचं घर शेवटी ठेवलंय."

"तुजी सासू कुठाय?"

"समाजमंदिरात. पाय मोडलाय, उठता येत न्हाई."

आक्का एकदम सरळ बसल्या. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मग शेवटी का ठेवलंस?"

"लोकं म्हनतील, सरपंचानं—"

"म्हनू देत! लोकं दोन दिस म्हनतील, मग दमतील. मानूस गेल्यावं घर जल्मभर मुकं ऱ्हातं, ते कुनी सांगत न्हाई तुला? माजं बघून शिकलीस व्हय? माजं चुकलं व्हतं. गावानं त्याचा नेम केला." त्यांनी माझ्याकडं हात पुढं केला. "शिस्टर, मला उठव."

दुपारी मंदाच्या घराचं काम सुरू झालं. आक्का गुडघे धरत तिथवर गेल्या आणि अंगणात बसल्या. कामावरच्या दोघा-तिघांत कुजबुज चाललेली. एक जण जरा मोठ्यानं म्हणाला, "सरपंचाचं घर मातूर आदी हां."

"व्हय, आदी," आक्का म्हणाल्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. "म्याच सांगितलंय. काय बोलायचं ते मला बोल."

त्यानं पुढचा खिळा उचलला. आक्का शेवटचा पत्रा ठोकून होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.